देखणी झालेली बुरशी

१

फ्रीझरचं दार उघडलं तेव्हा समोर चार माणसं उभी होती आणि चौघांनी एकदमच आत डोकं घातलं. वरच्या कप्प्यात काचेच्या नळ्या होत्या, टोपणं लावलेल्या, चिठ्ठ्या डकवलेल्या, सगळ्या नव्या. ज्यांच्यासाठी दार उघडलं होतं त्या जुन्या नळ्या मात्र गायब होत्या.

मी तिथे नव्हते. चौघांनी मला हे नंतर चार प्रकारे सांगितलं. प्रत्येकाच्या सांगण्यात दार दुसऱ्याच कुणीतरी उघडलेलं होतं. नळ्या नव्हत्या, एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.

भानगड अशी होती. एका रानवेलीच्या मुळात एक कडूजहर द्रव्य असतं. ते मूळ वैद्य लोक तापावर उगाळून देत आले आहेत. या प्रयोगशाळेत ते द्रव्य एका बुरशीला खाऊ घालत. फ्लास्कमध्ये बुरशी वाढवायची, त्यात मुळाचं द्रव्य टाकायचं आणि फ्लास्क हलत्या टेबलावर ठेवून द्यायचा. बुरशी त्या द्रव्याला आपल्या पद्धतीने कुरतडते, कुठे काही जोडते, आणि शेवटी निघतं ते वेगळंच काहीतरी असतं. हे वेगळं काहीतरी बशीतल्या कॅन्सरच्या पेशींना मारत होतं आणि चांगल्या पेशींना बऱ्यापैकी सोडून देत होतं. बशीतल्या पेशी मेल्या म्हणजे माणूस बरा झाला असं होत नाही, एवढं मलाही कळतं. पण सुरुवात तिथूनच होते म्हणे.

हे शोधून काढलं होतं प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत लहान संशोधक मुलीने. तिला सगळे धाकटी म्हणत. पेपरात तिचा फोटो आला, प्रयोगशाळेच्या साहेबांनी भाषण ठोकलं. मग बाहेरून एक तज्ज्ञ आले आणि म्हणाले, माझ्यासमोर करून दाखवा. धाकटीने केलं. बुरशी झकास वाढली, औषध निघालं शून्य. पुन्हा केलं, पुन्हा शून्य.

मग कुजबुज सुरू झाली. पहिल्या वेळचं औषध बुरशीने केलंच नव्हतं, पोरीने बाजारातलं तयार औषध गुपचूप फ्लास्कमध्ये ओतलं होतं, असं लोक बोलू लागले. याचा निकाल एकाच गोष्टीने लागला असता. पहिल्या वेळी ज्या नळ्यांमधून बुरशी घेतली होती त्या जुन्या नळ्या काढायच्या आणि त्यांच्यापासून सुरुवात करायची. म्हणून फ्रीझर उघडला, आणि तो असा निघाला.

आता सगळ्यांचं म्हणणं एकच झालं. नळ्या धाकटीनेच पळवल्या. समिती बसणार होती. तिथे ती लबाड ठरली असती तर पुढे कुठल्याही प्रयोगशाळेने तिला दारात उभं केलं नसतं.

विश्वस्तांना चौकशीला बाहेरचा माणूस हवा होता. त्यांनी मला बोलावलं. मी निवृत्त अन्ननिरीक्षक. दुधात पाणी, मधात साखर, तुपात काय काय, यात माझी हयात गेली. बुरशीशी माझा संबंध एवढाच की ती दिसली की मी दुकानदाराला नोटीस द्यायचे.

निघताना आमचे हे पुस्तकातून मान वर करून म्हणाले, "साहेब असणार. नेहमी साहेबच असतो." त्यांनी जन्मभर रहस्यकथा वाचल्या आणि एकदाही गुन्हेगार बरोबर ओळखला नाही. त्यामुळे साहेबांविषयी माझं मत लगेच चांगलं झालं.

२

ते मत साहेबांची भेट होईपर्यंत टिकलं.

साहेबांची खोली मोठी, खुर्ची त्याहून मोठी. समोरची खुर्ची मुद्दाम बुटकी ठेवलेली. मी त्यात बसले आणि टेबलाच्या कडेवरून त्यांचा फक्त चेहरा मला दिसू लागला.

"हे बघा," ते म्हणाले, "मला त्या मुलीचं वाईट वाटतं. पण संस्थेचं नाव आहे. मी तिला सांगितलंय, निकाल भरवशाचे नव्हते असं लिहून सही कर आणि शांतपणे जा. प्रकरण मिटेल."

"मग केली सही?"

"नाही ना. हट्टी आहे."

"फ्रीझरची किल्ली कुणाकडे असते?"

"एक माझ्याकडे. एक केमिस्टकडे. एक काकूंकडे. काकू म्हणजे आमच्या नळ्या सांभाळतात त्या. धाकटीकडे नाही. पण काकूंची किल्ली त्यांच्या खुर्चीमागे खिळ्याला टांगलेली असते, हे इथल्या मांजरालाही ठाऊक आहे."

"म्हणजे किल्ली सगळ्यांकडे आहे."

साहेबांनी घसा साफ केला. त्यांचं म्हणणं होतं की दार उघडलं त्या दिवसाआधी ते स्वतः महिनोन्‌महिने त्या फ्रीझरपाशी गेले नव्हते. मला ते पटलं, कारण एकदा जाऊन आल्यावरही तो फ्रीझर कुठल्या मजल्यावर आहे हे सांगताना ते चुकले.

उठताना मला दिसलं की कपाटामागे एक तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. मी ती सरळ उचलून फिरवली. पेपरातला तोच फोटो, काच लावून मढवलेला. साहेब मधोमध हसताहेत, एका बाजूला धाकटी बुरशीची बशी पुढे धरून उभी आहे. बशीत जे काही होतं ते चुलीच्या काजळीसारखं काळपट दिसत होतं.

"काढून ठेवलात वाटतं?"

"सध्या बरं दिसत नाही," साहेब म्हणाले.

"मला हा फोटो न्यायचाय."

"न्या की. परत नाही आणलात तरी चालेल."

तसबीर काखेत मारून मी बाहेर पडले. जिन्यात एक बाई फरशी पुसत होती. ती मला बघून म्हणाली, "नळ्यांच्या चौकशीला आलात ना? मग केमिस्टसाहेबांना विचारा, फ्रीझर उघडण्याच्या आदल्या दिवशी दुपारी एकटेच फ्रीझरपाशी काय करत होते. मला बघून दार असं आपटलं की मीच दचकले."

३

केमिस्ट हा चाळिशीचा, उंच, पोक काढून चालणारा माणूस. फ्लास्कमधून निघालेलं द्रव्य त्याच्या यंत्रात जायचं आणि त्यात काय आहे ते तो सांगायचा. संस्थेत एकच कायमची जागा निघाली होती. त्यासाठी त्याचा अर्ज होता आणि धाकटीचाही. धाकटी गेली तर कुणाची पोळी पिकणार होती हे सांगायला अन्ननिरीक्षक लागत नाही.

मी सरळच विचारलं, "आदल्या दिवशी फ्रीझरपाशी काय करत होतात?"

त्याचा चेहरा पडला. तो खुर्चीत आणखी वाकला. मला वाटलं, आता कबुलीजबाब येणार. तो आलाही.

"आईस्क्रीम," तो म्हणाला.

"काय?"

"मी खालच्या कप्प्यात आईस्क्रीम ठेवतो. दुपारी खातो. घरी बायको खाऊ देत नाही, साखरेचा त्रास आहे."

जंतू आणि बुरशी ठेवायच्या फ्रीझरमध्ये आईस्क्रीम. नोकरीत असते तर मी त्याला तिथल्या तिथे दंड ठोकला असता. मी त्याला चार शब्द सुनावले आणि त्याने ते शाळकरी पोरासारखे खाली मान घालून ऐकले. तो खरं बोलत होता. असली लाजिरवाणी सबब खोटी सांगायला कुणी धजत नाही.

"बरं, नळ्या बघितल्या होत्यात?"

"वर लक्षच गेलं नाही. डबा घेतला आणि पळालो."

मग मी मुद्द्यावर आले. "धाकटीने बाजारातलं औषध मिसळलं असं म्हणतात. ते कुठलं औषध?"

"कुठलंच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे मी तिचं पहिल्या वेळचं द्रव्य यंत्रावर बघितलं होतं. माहीत असलेल्या सगळ्या औषधांशी ताडून बघितलं. त्यातल्या त्यात एक जवळचं आहे, पण हिच्या द्रव्यात एका कोपऱ्यात ऑक्सिजन जास्तीचा लागलेला आहे. तसलं औषध कुठे विकतच मिळत नाही. हाताने तयार करायचं तर माझ्यासारख्या माणसाला वर्ष जाईल, आणि तरी जमेल की नाही कोण जाणे."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "अहो, हे तुम्ही कुणाला सांगितलंत का?"

"कुणी विचारलं नाही."

"आणि ती जागा?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ते मनात आलं नाही असं म्हणणार नाही मी. म्हणून तर आपण होऊन बोललो नाही. पण विचारलं असतं तर खोटं बोललो नसतो."

असली अर्धी सचोटी मी दुकानदारांत खूप बघितली आहे. तराजू बरोबर असतो, पण गिऱ्हाइकाने बघायला मागितलं तरच. तरी माझं काम झालं होतं. जे औषध विकत मिळत नाही ते विकत आणून ओतता येत नाही. धाकटी खरं बोलत होती आणि पहिल्या वेळी औषध बुरशीनेच केलं होतं. पण मग तीच बुरशी आता का करत नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तेवढ्यावर समितीचं समाधान होणार नव्हतं.

४

काकूंची खोली सगळ्या इमारतीत स्वच्छ. टेबलावर स्पिरिटचा दिवा, बुरशी उचलून लावायच्या तारा, कापसाचे बोळे, सगळं जागच्या जागी. काकूंनी मला बसायला चांगली उंच खुर्ची दिली, त्यामुळे मला त्या पहिल्यापासून आवडल्या.

त्यांचं सगळं आयुष्य या नळ्यांत गेलं होतं. नळीतली बुरशी म्हातारी होण्याआधी ताज्या नळीत लावायची, तीत दुसरं काही शिरू द्यायचं नाही, मरू द्यायची नाही. "पोटच्या पोरांसारखं करते हो," त्या म्हणाल्या. "माझ्या नळ्यांत आजवर दुसरा एक जंतू सापडलेला नाही."

मी मान डोलावली.

"नळ्या ताज्या कशा करता?" मी विचारलं.

"एकेक करून. आज ही, पुढे कधी ती. आणि नवी लावली तरी जुनी एक मागे ठेवायचीच. विरजणाचं कसं, जुनं थोडं ठेवल्याशिवाय भांडं धुवायला घेतो का आपण? तसंच."

"मग या बुरशीची जुनी नळी कुठे गेली?"

"मी मागच्या रांगेत ठेवली होती. माझ्यानंतर कुणी काढली ते देव जाणे." त्यांनी पदराने दिव्याची काच पुसली. ती आधीच लख्ख होती. "त्या पोरीवर माझा फार जीव आहे. इथे आली तेव्हा तार धरता येत नव्हती तिला. मी शिकवली. म्हणून सांगते, आता हे ताणू नका. मी तिलाही म्हटलं, सही करून टाक बाई, दुसरीकडे नोकरी बघ. लग्नाचं वय आहे, कशाला डोक्याला ताप?"

"तिने चोरी केली असं वाटतं तुम्हाला?"

"छे, छे. ती चोरी नाही करायची."

"मग सही कशाला करायची?"

काकूंनी खिळ्यावरची किल्ली काढली. त्यांनी मला फ्रीझर दाखवायला नेलं. मी वरच्या कप्प्यातल्या नळ्या एकेक करून बघितल्या. इतर बुरशींच्या नळ्यांवर कुठे चिठ्ठी पिवळी पडलेली, कुठे अर्धवट, कुठे ताजी, शाई कधी निळी, कधी काळी. धाकटीच्या बुरशीच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र सगळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या. सगळ्यांवर तीच शाई होती.

खालच्या कप्प्यात खरंच आईस्क्रीम होतं. मी ते जप्त केलं.

५

धाकटीला भेटायला मी तिच्या खोलीवर गेले. पलंग, टेबल, दोरीवर वाळत घातलेला पांढरा कोट. मुलगी दिसायला किरकोळ, पण नजर सरळ. तिने मला चहा दिला आणि स्वतः घेतला नाही.

"मी सही करणार नाही," तिने बसायच्या आधीच सांगितलं.

"कर म्हणायला मी आलेली नाही."

ती जरा सैल झाली. "साहेब म्हणतात कर. काकूसुद्धा म्हणतात कर. सगळ्यांना वाटतं नोकरीचा प्रश्न आहे. नोकरी गेली तर गेली. पण मी जे बघितलं ते बघितलं नव्हतं असं लिहून कसं देऊ? आमचे बाबा आधी रोज फोनवर विचारायचे, काय म्हणतेय तुझी बुरशी? पेपरातला फोटो त्यांनी नात्यागोत्यात सगळीकडे वाटला होता. आता फोन केला की हवा कशी आहे विचारतात. खोटी ठरले तर ते मला काही बोलणार नाहीत. जन्मभर हवाच विचारत राहतील."

तिचा आवाज बदलला नाही, पण डोळे भरून आले आणि तिने ते कोपराने पुसले. मला तिची कीव आली आणि साहेबांचा राग आला. आयुष्यभर मी चौकशीत रागाला बाहेर उभं केलं, त्या दिवशी तो आत आला.

मी तसबीर टेबलावर ठेवली. "या फोटोतली बुरशी आणि आत्ताची, एकच?"

"एकच."

"आत्ताची दाखव."

तिच्याकडे फोनमध्ये फोटो होता, तज्ज्ञ आले त्या दिवशीचा. बशीभर पांढरीशुभ्र, मऊ, पिंजलेल्या कापसासारखी बुरशी. ती म्हणाली, "तज्ज्ञसुद्धा म्हणाले, काय छान वाढली आहे. इतकी देखणी ती आधी कधीच नव्हती. पूर्वी बशीचं झाकण काढलं की काळी पूड उडायची, कोटाच्या बाह्या मळायच्या."

"ती काळी पूड म्हणजे काय?"

"तिचं बी. त्यापासून पुढची बुरशी उगवते."

"मग आता बी का धरत नाही?"

 तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले, फोन आणि तसबीर, आणि कितीतरी वेळ बघत राहिली. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी औषध का निघत नाही याचाच काथ्याकूट केला होता. बुरशी छानच दिसत होती, म्हणून तिच्याकडे कुणी संशयाने बघितलं नाही.

"हिच्यात काहीतरी कमी झालंय," ती हळूच म्हणाली. "नाहीतर कुणीतरी हिच्यातून काहीतरी काढून घेतलंय."

"कुणीतरी," मी म्हटलं. "आणि कुणी ते मला कळलंय."

६

दुसऱ्या दिवशी मी चौघांना काकूंच्याच खोलीत बोलावलं. साहेबांना तिथे उंच खुर्ची मिळाली नाही.

"नळ्या चोरीला गेल्याच नाहीत," मी सुरुवात केली. "विकायला न्यायच्या तर चोराने एखादी नेली असती, सगळ्या नसत्या नेल्या. धाकटीने पुरावा लपवायला नेल्या म्हणावं, तर लपवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच. तिचं औषध बाजारात मिळत नाही. केमिस्टना विचारा, आता ते सांगतील."

केमिस्टने मान हलवली. साहेब त्याच्याकडे वळले. "हे आधी का नाही बोललास?" त्यावर तो कानाची पाळी चोळत राहिला.

"आता नव्या नळ्या बघा. इथल्या रिवाजाप्रमाणे नळ्या एकेक करून ताज्या होतात. म्हणून चिठ्ठ्या नव्याजुन्या असतात. या एकाच बुरशीच्या सगळ्या चिठ्ठ्या एका बैठकीत लिहिलेल्या आहेत. मी आयुष्यभर दुकानं तपासली. दुकानदार सगळा माल एकदम कधी बदलतो? जुन्या मालात काही सापडलं की. मग तो जुना माल दुकानात ठेवत नाही. तुमच्याकडे नको असलेल्या जिवंत नळ्यांचं काय करतात?"

"ऑटोक्लेव्हमध्ये घालतात," धाकटी म्हणाली. ऑटोक्लेव्ह म्हणजे त्यांचा वाफेचा मोठा कुकर. "शिजवून मारतात."

"तेच झालं. नळ्या शिजवल्या गेल्या. आणि नळ्या बदलायचा अधिकार, हात आणि कारण एकाच माणसाकडे होतं." मी काकूंकडे वळले. "मी विचारलं नव्हतं तरी तुम्ही म्हणालात, माझ्या नळ्यांत कधी दुसरा जंतू सापडला नाही. गवळी न विचारता म्हणाला की दुधात पाणी नाही, तर मी नमुना तिथूनच घेते."

 काकू स्पिरिटच्या दिव्याकडे बघत होत्या.

"तज्ज्ञ येणार होते," शेवटी त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, पोरीची बुरशी एकदा नजरेखालून घालू. एका नळीत कडेला दुधाळ ठिपके दिसले. जंतू. दुसरी बघितली, तीतही. सगळ्यांत. माझ्या नळ्यांत! ते पाहुणे काचेखाली बघणार, म्हणणार, ही बुरशीसुद्धा धड शुद्ध नाही. म्हणून मी जंतू मारायचं औषध घालून ती स्वच्छ केली. पुन्हा पुन्हा केली. पोरीसाठीच केलं मी. मग जुन्या टाकल्या कुकरमध्ये."

"आणि औषध निघेना तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, आता बोलले तर लोक म्हणतील पोरीचा सगळा शोध घाणीचाच होता. तिचं जास्तच वाईट होईल."

"लबाड म्हणवून घेण्यापेक्षा जास्त?" मी विचारलं.

काकूंनी तोंड दुसरीकडे वळवलं. मी तो प्रश्न विचारायला नको होता असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, नाही, विचारायलाच हवा होता.

धाकटी त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती टेबलाच्या कडेला नख लावून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही, हिशेब चाललेला दिसला. "ती घाण नव्हती," ती म्हणाली. "सगळ्या नळ्यांत तोच जंतू, म्हणजे बाहेरून शिरलेला नाही. तो बुरशीच्या आतच राहत असणार. भाडेकरूसारखा. अशी जोडपी असतात काही. तो गेला म्हणून हिने बी धरायचं सोडलं. आणि औषध... औषधाचं काम तो करत होता, नाहीतर दोघं मिळून."

"पण आता तो नाही," साहेब म्हणाले. "सगळा शिजला. सिद्ध कसं करणार?"

 नळ्या कुणी नष्ट केल्या हे मला कळलं होतं आणि त्याचा त्या मुलीला काडीचाही उपयोग नव्हता.

७

मग मला माझी नोकरी आठवली. भेसळीचा माल आम्ही जाळायचो, पण सगळा कधीच नाही. एक नमुना सील करून ठेवायचोच, कारण उद्या कुणी विचारलं की नक्की काय सापडलं होतं, तर दाखवायला काहीतरी हवं.

"काकू," मी म्हटलं, "मी असते तर घाणीचा एक नमुना ठेवला असता. कुठला जंतू होता ते पुढेमागे ओळखायला."

त्या उठल्या. कोपऱ्यातल्या फ्रीजच्या तळाशी एक बंद डबा होता, त्यातून त्यांनी एक बशी काढली. बशीवर दुधाळ ठिपके होते. जंतू जिवंत होता.

"ठेवतेच मी," त्या म्हणाल्या. "सवय आहे."

समितीने मुदत वाढवून दिली. साहेबांनी मोठ्या मनाने ती मागितली, कारण वारा कुठून वाहतोय हे त्यांना तोवर कळलं होतं. धाकटीने तीन फ्लास्क लावले. एकात देखणी बुरशी एकटी, दुसऱ्यात जंतू एकटा, तिसऱ्यात दोघं पुन्हा एकत्र. तिन्हींत वेलीच्या मुळाचं द्रव्य. जंतूला बुरशीत पुन्हा घालायचं काम फार नाजूक. तसा हात सगळ्या इमारतीत एकाचाच होता. धाकटीने तार काकूंच्या पुढे धरली आणि बाजूला झाली. दोघी एक शब्द न बोलता काम करत राहिल्या. मी दारात उभी होते आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

बुरशीला घाई समजत नाही. थांबावं लागलं. मग एके सकाळी तिसऱ्या फ्लास्कमधून लावलेल्या बशीत काळे ठिपके दिसले, आणि दुपारी केमिस्टच्या यंत्राने उत्तर दिलं. पहिल्या फ्लास्कमध्ये काही नाही. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्यात तेच द्रव्य, त्याच कोपऱ्यात जास्तीचा ऑक्सिजन घेऊन. केमिस्टने आकडे स्वतः समितीपुढे नेले आणि न विचारता वाचून दाखवले.

समितीसमोर काकू उभ्या राहिल्या. "नळ्या मी साफ केल्या आणि लपवलं," त्या म्हणाल्या. "पोरगी पहिल्यापासून खरं बोलत होती. मी तिला सही करायला सांगत होते."

"हो," धाकटी म्हणाली. "दोनदा."

तेवढंच ती बोलली. पण मी अहवाल लिहायला घेतला तेव्हा ती माझ्याकडे आली.

"त्यांचं नाव घालणार?"

"घालावं लागेल. ते माझं काम आहे."

"घाला. पण नमुना त्यांनीच ठेवला होता हेही लिहा. तो नसता तर मी जन्मभर लबाडच राहिले असते."

मी तसं लिहिलं. आमच्या ह्यांना सगळं सांगितलं तर त्यांचा विरस झाला. खून नाही, चोरी नाही, साहेबसुद्धा नाही. "मग गुन्हा कुठला?" ते म्हणाले. मी म्हटलं, गुन्हा होता, पण तुमच्या पुस्तकांत बसणारा नव्हता.

मग पुढे कधीतरी अहवालाची प्रत द्यायला मी त्या इमारतीत गेले. धाकटी कामात होती, बाह्या काळ्या झालेल्या. पलीकडच्या खोलीतून काचेचा आवाज येत होता, म्हणजे काकू होत्या. प्रत देऊन झाली, चहा झाला. तिने सांगितलं की बाबांना आता जंतूचं नाव पाठ झालंय आणि ते नात्यात सगळ्यांना ते चुकीचं सांगतात. मग मी विचारलंच.

"काकूंशी बोलतेस का गं?"

तिने फ्लास्क उचलला, उजेडात धरला, पुन्हा खाली ठेवला.

"कामापुरतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण काम रोज असतं."